तंजावर कुणाचे?

(गिरणी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



आम्ही काही पंडित नाही. आमच्यातले बहुतेक जण चौथी शिकले आणि पोटासाठी गिरणीत लागले. तेव्हा साच्यावर उभे राहणारे हात आज इतिहास सांगायला कसे उभे राहिले, असे तुम्हाला वाटेल. त्याचे कारण आधी सांगतो.

एके दिवशी रात्रपाळी सुटल्यावर आम्ही चार-सहा जण चहाला बसलो होतो. भाषावार राज्यांचे बोलणे निघाले. आमच्यातला एक गडी टेबलावर हात आपटून म्हणाला, "अरे, मराठी माणसाची हद्द कुठवर होती, ठाऊक आहे का? पार तंजावरपर्यंत! पावणेदोनशे वर्षं तिथं भोसल्यांचं राज्य होतं. तंजावर आपलं!" आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. छाती जरा फुगली, खोटं कशाला सांगा?

बाजूला आमच्याच खात्यातला एक तमिळ भाऊ बसला होता. त्याला आम्ही अण्णा म्हणतो. त्याचे गाव त्याच मुलखातले. तो हसला आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "राजा तुमचा होता, खरं आहे. पण माझ्या आज्याच्या आज्याला त्याचं काय? दुसऱ्याचा राजा होता तेव्हा तो चिखलात भात लावत होता. तुमचा राजा आला, तो चिखलातच. गोरा साहेब आला, तरी चिखलातच. तंजावर त्याचं कधी झालं, ते सांगा."

आमच्याकडे उत्तर नव्हते. म्हणून आम्ही वाचायला लागलो. शिकल्यासवरल्या मंडळींना विचारले, लायब्ररीतून पुस्तके आणली, एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे असे केले. त्यातून जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवतो. अण्णाही आज इथे बसला आहे. चुकलो तर तो कान धरील.

आधी जमीन बघा. तंजावर आहे दक्षिणेत, तमिळ मुलखात. कावेरी नदी समुद्राला मिळायच्या आधी तिला जिथे फाटे फुटतात, त्या सपाट प्रदेशात. आपल्या कोकणात डोंगर, देशावर खडक. तिथे मैलोनमैल नुसता गाळ. नदीवर कल्लणै नावाचा दगडी बांध आहे. करिकाल नावाच्या चोळ राजाने तो सुमारे 2000 वर्षांमागे बांधला असे मानतात. त्या बांधावरून पाणी कालव्यांत वळते आणि भात पिकतो. किती? तर उभ्या तमिळ मुलखाचे कोठार म्हणून तंजावरचे नाव झाले, इतका.

आता आमचा मुद्दा ध्यानात ठेवा. ज्याच्या हातात हा भात, तो राजा. तंजावरचा सारा राजकारणी इतिहास म्हणजे या कोठाराला कुणाचे कुलूप लागले, त्याचा इतिहास आहे. कुलपे बदलत गेली. कोठार भरणारे हात मात्र तेच राहिले.

पहिले मोठे कुलूप चोळांचे. इ. स. 850 च्या सुमारास विजयालय चोळ याने मुत्तरैयर नावाच्या सरदारांकडून तंजावर जिंकून घेतले आणि तिथे राजधानी केली. त्याच्या घराण्यात पुढे राजराज झाला. त्याने 985 ते 1014 राज्य केले, लंकेवर स्वारी केली, आणि 1010 साली तंजावरचे बृहदीश्वराचे देऊळ पुरे केले. 200 फुटांच्या घरात उंची! वरच्या घुमटाचा दगड एकच असून 80 टनांचा आहे, तो कित्येक मैल लांबीचा उतार बांधून वर नेला, असे लोक सांगतात. तो अखंड नाही, तुकडे जोडून केला आहे, असेही पुष्कळ जाणकार म्हणतात. काही का असेना, हत्तींनी आणि माणसांनी ओढल्याशिवाय तो वर गेला नाही, एवढे नक्की.

पण आम्हाला त्या उंचीपेक्षा जास्त नवल वाटले ते त्या देवळाच्या भिंतींचे. बंधूंनो, त्या भिंती म्हणजे दगडात कोरलेले मस्टर आहे! देवळात कोण काम करणार, त्याला वर्षाला किती भात मिळणार, सगळे लिहिले आहे. हिशेबनीस, शिंपी, सुतार, सोनार, कासार, न्हावी, परीट, कुंभार. गावोगावच्या देवळांतून 400 स्त्रिया सेवेसाठी आणून वसवल्या. त्या प्रत्येकीचे नाव, तिची आळी कुठली, त्या आळीत तिचे घर कितवे, आणि तिला वर्षाला 100 कलम भात. कलम हे तिथले भात मोजायचे माप, आपल्याकडे खंडी-मण तसे. मोजायच्या मापालासुद्धा नाव होते, आडवल्लान, म्हणजे नाचणारा देव. राजराजाने सारी जमीनही मोजून घेतली होती. इतका चोख कारभार हजार वर्षांमागे चालत होता, हे मान्य करायला हवे. जो मोजतो तो घेतो, हेही आपल्याला ठाऊक आहे. सूत कुणी कातलं ते मस्टरात येतं, नफा कुणाचा झाला ते येत नाही.

हा भात यायचा कुठून? देवळाला लावून दिलेल्या गावांतून. त्यांतली काही गावे तर समुद्रापलीकडे, लंकेत होती. लेखांत या गावांची जमीन मोजताना कर न लागणारे तुकडे वेगळे काढले आहेत. गावठाण, तळी, कालवे, स्मशान, कारागिरांची वस्ती. आणि त्याच यादीत आणखी एक शब्द आहे, परैच्चेरी. म्हणजे परैयर लोकांची गावकुसाबाहेरची वस्ती. हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसलो. हजार वर्षांपूर्वी, एवढे देऊळ उभे राहिले तेव्हा, भात पिकवणारा माणूस गावाबाहेरच होता. राजाच्या माणसांनी ते दगडात कोरून ठेवले.

चोळांच्या काळी गावाच्या सभा होत्या, त्यात निवडणूक होत होती, असे सांगून काही लोक त्याला लोकशाही म्हणतात. ते अगदीच खोटे नाही. उत्तरमेरूर गावच्या देवळात सन 920 च्या आसपासचे लेख आहेत. ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर नावे लिहून मडक्यात टाकायची, आणि लहान मुलाकडून एकेक उचलायची. पण चिठ्ठीवर नाव कुणाचे? ज्याच्या नावावर जमीन, ज्याला वेद येतात, त्याचे. अण्णाच्या आज्याची चिठ्ठी मडक्यात कधीच पडली नाही.

राजराजाचा मुलगा राजेंद्र. त्याने 1025 च्या सुमारास गंगैकोंडचोळपुरम नावाची नवी राजधानी वसवली आणि तंजावर मागे पडले. पुढे तेराव्या शतकात मदुरेच्या पांड्य राजाने चोळांवर स्वारी करून तंजावर जाळले. 1279 नंतर चोळ राजाचे नाव ऐकू येत नाही. मग पांड्य, मग उत्तरेच्या स्वाऱ्या, मग विजयनगर. कुलपे पटापट बदलली.

विजयनगरच्या राजाने 1532 च्या सुमारास शेवप्पा नायक याला तंजावरवर नेमले आणि नायकांची गादी सुरू झाली. हे तेलुगू भाषेचे लोक. दरबारात तेलुगू काव्ये, तेलुगू नाटके. शेतात मात्र तमिळ. इथून पुढे तंजावरात राजाची बोली एक आणि रयतेची बोली दुसरी, अशी जी फारकत झाली ती सव्वातीनशे वर्षे टिकली. ही गोष्ट आपण भाषावार राज्याची माणसे म्हणून मनात धरून ठेवा. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

नायकांच्याच वेळी टोपीवाले आले. कशाला आले? कापडाला आले, बंधूंनो! त्या किनाऱ्याच्या हातमागाचे सुती कापड साऱ्या जगात खपत होते. 1620 साली रघुनाथ नायकाने डेन्मार्कच्या लोकांना तरंगमबाडी इथे वखार घालू दिली. नागपट्टणला आधी पोर्तुगीज होते, 1658 साली ते डचांनी घेतले. आपल्यासारखेच विणकर होते ते. त्यांच्या मागावरच्या कापडासाठी समुद्रावर गलबते लागली, किल्ले बांधले गेले, तोफा आल्या.

आता आपले मराठे तिथे कसे गेले, ते ऐका. कारण आपली छाती फुगते ती इथे.

1673 साली मदुरेच्या चोक्कनाथ नायकाने तंजावरवर हल्ला केला. म्हातारा विजयराघव नायक लढता लढता पडला. त्याच्या घराण्यातल्या एका पोराला गादी मिळवून द्यावी म्हणून काही मंडळी विजापूरच्या आदिलशहाकडे गेली. आदिलशहाने आपला सरदार पाठवला. तो सरदार म्हणजे व्यंकोजी भोसले, ज्यांना एकोजीराजे म्हणतात. शहाजीराजांचा मुलगा, शिवाजीमहाराजांचा सावत्र भाऊ. व्यंकोजीने तंजावर सोडवले, पोराला गादीवर बसवले, आणि थोड्याच दिवसांत, 1675-76 च्या सुमारास, त्याला बाजूला सारून आपणच गादीवर बसला. पोराला न्याय द्यायला गेलेला माणूस मालक होऊन बसला. आपल्या नात्यातला म्हणून त्याला दुसरे नाव कसे द्यावे?

आणि शिवाजीमहाराजांना तरी हे सारे मान्य होते काय? 1677 साली महाराज दक्षिणेच्या स्वारीवर गेले. कोल्लिडम नदीकाठी तिरुमळवाडीला दोघा भावांची भेट झाली. वडिलांच्या दौलतीतला वाटा महाराजांनी मागितला. व्यंकोजी रात्रीतून नदी ओलांडून निघून गेला. पुढे लढाई झाली, व्यंकोजीच्या फौजेचा मोड झाला, आणि रघुनाथपंत हणमंते यांच्या मध्यस्थीने तह झाला. तंजावर व्यंकोजीकडेच राहिले. तेव्हा तंजावरचे राज्य आणि रायगडचे राज्य एकच, असे जे आपण बोलण्याच्या भरात म्हणतो, ते बरोबर नाही. एकाने स्वराज्य उभे केले. दुसऱ्याने विजापूरची नोकरी करता करता परमुलखात गादी मिळवली. आडनाव एक, पण गोष्टी दोन.

म्हणून तंजावरच्या भोसल्यांनी काही केलेच नाही असे नाही. श्रेय द्यायचे तिथे देऊ. व्यंकोजीचा मुलगा शहाजी याने 1684 ते 1712 राज्य केले. त्याच्या नावावर पंचभाषाविलास नावाचे नाटक आहे. त्यात तमिळ, तेलुगू, मराठी, संस्कृत आणि हिंदी अशा पाच भाषा बोलल्या जातात. पुढचे सरफोजीराजे, 1798 ते 1832, हे तर विद्येचे वेडे. नायकांच्या वेळचा पोथीसंग्रह त्यांनी इतका वाढवला की सरस्वती महालाचे नाव देशोदेशी झाले. देवनागरी अक्षरांचा छापखाना त्यांनी तंजावरात घातला, आणि 1806 साली तिथे मराठी पुस्तक छापले. मुंबईत मराठी छपाईने मूळ धरायच्या आधीची ही गोष्ट! बृहदीश्वराच्या देवळात 1803 साली भोसले घराण्याची बखर मराठीत, दगडावर कोरून घेतली. वाटसरूंसाठी अन्नछत्रे बांधली, तिथे शाळा आणि दवापाणी ठेवले. हे वाचून कुणाही मराठी माणसाला बरे वाटेल. आम्हालाही वाटले.

पण मघाशी सांगितलेली ती गोष्ट विसरू नका. राज्याचे दप्तर कशात होते? मराठीत, मोडी लिपीत. त्या मोडी कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे आजही तंजावरात आहेत. शेतकऱ्याकडून किती भात घ्यायचा, पाणी कुणाला आधी, कुणाची जमीन सरकारजमा, हा निवाडा मोडीत लिहिला जायचा. आणि ज्याच्या मानेवर तो निवाडा पडायचा त्याला तमिळशिवाय दुसरे अक्षर कळत नव्हते. मधे दुभाष्या. दुभाष्याला चिरीमिरी. आम्ही गिरणीत इंग्रजी नोटिशीवर अंगठे उठवले आहेत, तेव्हा हे दुःख काय असते ते आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. आपण भाषावार राज्य मागितले ते याचसाठी की रयतेची भाषा ती सरकारची भाषा व्हावी. मग तंजावरात आपली मराठी सरकारात बसली होती आणि रयत दाराबाहेर उभी होती, हे आपण कबूल करायला नको काय?

भाताचा वाटाही सांगतो. पिकाचे दोन वाटे, मेलवारम आणि कुडिवारम. मेलवारम म्हणजे वरचा वाटा, तो सरकारचा. कुडिवारम म्हणजे रयतेचा. पण रयतेचा म्हणजे कसणाऱ्याचा नव्हे. तो जायचा जमिनीच्या धन्याला. त्या धन्याचे नाव मिरासदार! आपल्याही मराठी दप्तरात मुरलेला शब्द. आणि चिखलात उभा असणारा? त्याला पण्णैयाळ म्हणत. धन्याच्या शेतीला बांधलेला गडी. कर्जाने बांधलेला, जातीने बांधलेला. बाप गडी, पोरगा गडी. त्याला दोन वाट्यांपैकी एकही नाही. त्याला चार मापे भात आणि सणाला धडुते.

आता भोसल्यांचे कुलूप कंपनी सरकारच्या हाती कसे गेले, ते बघा. तोफेपेक्षा कर्जाने गेले. कर्जाने माणूस कसा जातो, हे पठाणाच्या दारात उभे राहिलेल्याला सांगायला नको.

घरातल्या भांडणाने सुरुवात झाली. 1749 साली गादीवरून काढलेला एक भोसला इंग्रजांकडे गेला, मला गादी द्या, देवीकोट्टै घ्या म्हणाला. इंग्रजांनी देवीकोट्टै घेतले, आणि मग गादीवरच्या प्रतापसिंहाशीच तह करून ज्याच्यासाठी आलो त्याला वाऱ्यावर सोडले. पुढे अर्काटचा नबाब महंमद अली, जो कंपनीच्याच जिवावर नबाब होता, त्याला तंजावरचा भात हवासा झाला. त्याला कर्ज फार. कर्ज दिलेले कुणी? मद्रासेतल्या कंपनीच्या गोऱ्या नोकरांनी, जबर व्याजाने. 1773 साली नबाबाने कंपनीच्या फौजा घेऊन तंजावर जिंकले आणि तुळजाराजाला त्याच्याच किल्ल्यात कैद केले. तंजावरचे उभे पीक सावकारांकडे गहाण पडले.

विलायतेत बोभाटा झाला. राज्य परत द्या असा वरून हुकूम आला, आणि 1776 साली मद्रासचा गव्हर्नर लॉर्ड पिगट याने तुळजाराजाला पुन्हा गादीवर बसवले. त्यावर पॉल बेनफिल्ड नावाचा कंपनीचा नोकर पुढे आला. माझे सुमारे 2 लाख 34 हजार पौंड येणे आहे, तंजावरचे पीक माझ्याकडे गहाण आहे, म्हणाला! पगार पाहिला तर बेताचा, आणि येणे एवढे. पिगट त्याच्या आड आला. तेव्हा मद्रासच्या कौन्सिलातल्या मंडळींनी आपल्याच गव्हर्नरला त्या वर्षीच्या ऑगस्टात अटक केली. 1777 साली तो अटकेतच मेला. विचार करा, सावकारीच्या आड आला तर गोऱ्याने गोऱ्या लाटसाहेबालाही सोडले नाही. मग तंजावरच्या कुळाची काय कथा?

वर आणखी 1781 साली हैदरअलीची फौज आली. गुरे नेली, माणसे नेली, शेती उजाड केली. लढाई हैदर आणि इंग्रज यांची, राख तंजावरच्या शेतकऱ्याची.

शेवटी 1799 साली सरफोजीराजांनी तह करून सारा मुलूख कंपनीला दिला. राजांकडे किल्ला आणि आसपासचा थोडा भाग, वर्षाला एक लाख होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. ज्या सरफोजीराजांच्या विद्येचा आपण आत्ता गौरव केला ते हेच. सगळी पुस्तके, सगळा छापखाना या पेन्शनीवर झाला. पेन्शन कुठून आली? त्याच भातातून.

1855 साली दुसरे शिवाजीराजे मुलगा नसताना वारले. डलहौसीचे दिवस होते. कंपनीने गादी खालसा केली, आणि राजाची खाजगी मालमत्ताही जप्त केली. थोरल्या राणी कामाक्षीबाईंनी सरकारवर फिर्याद लावली. फिर्याद विलायतेत प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेली. 1859 साली निकाल लागला तो असा की, हे सरकारने राज्यसत्तेच्या जोरावर केलेले कृत्य आहे, त्याच्यात कोर्टाला हात घालता येत नाही. म्हणजे काय? तर जबर माणसाने हिसकावले की तो कायदाच झाला. राणीची ही गत. पुढे मालमत्ता राण्यांना परत मिळाली, पण सरकारने द्यायची ठरवली म्हणून. कोर्टाने दिली म्हणून नव्हे.

इथे राजांचा इतिहास संपतो. बहुतेक पुस्तकेही इथे संपतात. पण अण्णाच्या आज्याची गोष्ट अजून सुरूच झालेली नाही.

इंग्रजांनी 1836 साली कोल्लिडमवर नवे बांध घातले. पाणी वाढले, पीक वाढले, मिरासदार गब्बर झाला. पण्णैयाळ चार मापांवरच राहिला. त्यांतले हजारो नागपट्टणच्या बंदरातून बोटीत चढले आणि मलायाच्या, लंकेच्या मळ्यांत मजुरीला गेले, जसे आपले बापजादे रत्नागिरीहून बोटीत बसून गिरणीत आले. जे मागे राहिले त्यांना चूक झाली की चाबकाचे फटके आणि वर शेणाचे पाणी पाजायचे. होय, माणसाला शेणाचे पाणी! हे चोळांच्या काळी नव्हे. आपल्या बापाच्या वयाच्या माणसांनी हे सोसले आहे.

1943 च्या सुमारास या लोकांत श्रीनिवासराव नावाचा एक कार्यकर्ता आला. मातृभाषा कन्नड. तमिळ तो शिकला, आणि शेतमजुरांच्या झोपडीत राहून त्याने त्यांची संघटना बांधली. 1944 साली मिरासदारांना करार करावा लागला आणि चाबूक व शेणपाणी बंद झाले. हजार वर्षांत जे राजराजाने केले नाही, नायकांनी केले नाही, आपल्या भोसल्यांनी केले नाही, ते लाल बावट्याखाली उभ्या राहिलेल्या अडाणी माणसांनी केले. 1952 साली सरकारला तंजावरच्या कुळांसाठी आणि पण्णैयाळांसाठी खास कायदा करणे भाग पडले.

1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार राज्ये झाली. तंजावर तमिळांच्या राज्यात राहिले, आणि ते न्याय्यच झाले. त्याच सालच्या कायद्याने तमिळ ही राजभाषा झाली. जिथे तेलुगू, मराठी, इंग्रजी यांनी दरबार केला, तिथे शेवटी रयतेची भाषा कचेरीत शिरली. आपल्याला 1 मे 1960 ला जे मिळाले, शंभरावर हुतात्म्यांचे रक्त सांडून, तेच हे.

पण बंधूंनो, इथेच टाळ्या वाजवून उठू नका. 25 डिसेंबर 1968 ची रात्र ऐका. त्या वेळच्या तंजावर जिल्ह्यात किळवेण्मणी नावाचे गाव. शेतमजुरांनी भाताच्या मजुरीत थोडी वाढ मागितली होती, आणि संघटना सोडायला नकार दिला होता. त्या रात्री मिरासदारांची माणसे चाल करून आली. बायका, पोरे, म्हातारी माणसे जिवाच्या भीतीने एका झोपडीत शिरली. झोपडीला आग लावली. 44 जीव जळून मेले. सारे त्याच परैच्चेरीतले, जी राजराजाच्या भिंतीवर कोरली आहे.

मारेकरी विलायतेहून आले नव्हते, रायगडाहून आले नव्हते. त्याच मुलखातले होते. खालच्या कोर्टात काही मिरासदारांना शिक्षा झाली. वरच्या कोर्टात सगळे सुटले. एवढे मोठे जमीनजुमल्याचे धनी स्वतः पायी जाऊन आग लावतील हे पटत नाही, अशा आशयाचे कोर्टाने म्हटले. आणि 14 जानेवारी 1969 ला, त्या राखेला तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, राज्याला तमिळनाडू हे नाव मिळाले. ज्या नावासाठी 1956 साली शंकरलिंगनार नावाच्या वृद्धाने उपास करून प्राण दिला, ते नाव. नाव मिळाले ते चांगलेच झाले. नावासाठी प्राण देणारा थोर. पण त्या 44 जणांना त्या नावाच्या राज्यात एक सकाळ बघायला मिळाली नाही. त्यांच्या मरणानंतर 1969 साली तंजावरच्या शेतमजुरांसाठी मजुरीचा कायदा झाला.

अण्णा, तू विचारलेस, तंजावर तुझ्या आज्याचे कधी झाले? आम्ही आता उत्तर देतो. ज्या दिवशी त्याने चाबूक धरला आणि सोडला नाही, त्या दिवशी ते थोडेसे त्याचे झाले. कचेरीत त्याची भाषा आली, आणखी थोडे झाले. जमीन कसणाऱ्याची जेवढी झाली, तेवढे झाले. बाकीचे अजून व्हायचे आहे.

आणि आमच्या चहाच्या दुकानातल्या गड्याला, म्हणजे आम्हा सर्वांनाच, एवढेच सांगणे. सरस्वती महालाचा अभिमान बाळगा. तंजावरात आजही जी कुटुंबे घरात मराठी बोलतात आणि दारात तमिळ, त्यांना आपले म्हणा, आणि तमिळांचेही म्हणा. पण "तंजावर आपलं" म्हणू नका. ज्याने आपली भाषा दुसऱ्याच्या मानेवर बसू नये म्हणून लढा दिला, त्याने दुसऱ्याच्या मानेवर बसलेल्या आपल्या भाषेची फुशारकी मारू नये. भाषेचे राज्य हे कोठाराचे दार आहे. दार उघडून आत गेल्यावर माप कुणाच्या हातात आहे ते बघायचे असते. ते माप मिरासदाराच्या हातात राहिले, शेटजीच्या हातात राहिले, तर पाटी कुठल्याही भाषेतली असो, आपण चिखलातच!

आम्ही थांबतो. अण्णाला दोन शब्द बोलायचे आहेत. तो तमिळमधून बोलणार आहे. समजले नाही तर शेजाऱ्याला विचारा, पण शांतपणे ऐकून घ्या.

कामगारांच्या एकजुटीचा विजय असो!

जय महाराष्ट्र!